रोगामागची सवय शोधणारे संशोधक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपण आपल्या पूर्वसूरींचे, दात्यांचे आणि कार्यकर्त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो. ज्यांचे नाव आपल्या घराघरांत फारसे उच्चारले जात नाही, परंतु ज्यांच्या कार्याचा लाभ आपल्यापैकी अनेक कुटुंबांना प्रत्यक्ष मिळाला आहे, अशा काही व्यक्तींचे ऋणही अशा वेळी आठवावे, हे उचित ठरेल. अशा ऋणको आपणां सर्वांचे एक धनको म्हणजे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे आणि कर्करोग-संशोधनाचे जनक मानले गेलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर.

शिरूर आणि दौंड ही आपली दोन्ही गावे रस्त्यावरची आणि लोहमार्गावरची. घोडनदीच्या काठचे शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर, तर भीमेच्या काठचे दौंड मुंबई–सोलापूर लोहमार्गावर जंक्शन म्हणून प्रसिद्ध. या परिसरातील एखाद्या घरावर कर्करोगाचे संकट आले की पुण्यानंतर पुढचा प्रवास ठरलेला असे, तो मुंबईतील परळचा. रुग्णाला टाटाला नेले, एवढे चार शब्द ऐकले की आळीतल्या लोकांना पुढचे काही सांगावे लागत नसे. त्या परळच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारे हात पुष्कळांनी पाहिले. रुग्णाच्या शरीरातील कणभर तुकडा काचपट्टीवर ठेवून रोगाचे नाव निश्चित करणारी प्रयोगशाळा मात्र फार थोड्यांनी पाहिली. ती प्रयोगशाळा आरंभापासून उभी करणारे, आणि तेथे जमलेल्या नोंदींतून हा रोग आपल्याकडे का होतो हा प्रश्न पहिल्यांदा पद्धतशीरपणे विचारणारे संशोधक म्हणजे डॉ. खानोलकर.

जन्म, शिक्षण आणि अध्यापन

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय मराठी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले आणि लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी १९२३ मध्ये संपादन केली. त्या काळात परदेशी पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरास मुंबईत खासगी व्यवसायात धन आणि प्रतिष्ठा दोन्ही सहज मिळत असत. खानोलकरांनी मात्र प्रयोगशाळेची आणि अध्यापनाची वाट धरली. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज येथे त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. यातील दुसरे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. रोगामुळे शरीरातील पेशींमध्ये आणि ऊतींमध्ये जे बदल घडतात त्यांचा अभ्यास करणारे हे शास्त्र आहे. रुग्णाच्या गाठीचा वा व्रणाचा छोटा तुकडा काढतात, तो फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवून त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप करतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची रचना बिघडली आहे काय, त्या आपली मर्यादा ओलांडून शेजारच्या भागात शिरल्या आहेत काय, हे तेथे दिसते. या परीक्षणावाचून कर्करोगाचे निदान पक्के होत नाही. हे काम करणारा डॉक्टर रुग्णाच्या उशाशी क्वचितच दिसतो. म्हणून त्याचे नाव रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना बहुधा ठाऊक नसते.

परळचे रुग्णालय आणि एक हजार रुग्ण

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे निधन रक्ताच्या कर्करोगाने झाले. त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. एका कुटुंबाच्या दुःखातून आणि विश्वस्त निधीतून उभी राहिलेली ही संस्था पुढे साऱ्या देशाची झाली, ही गोष्ट विश्वस्त संस्थेच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे संचालकपद डॉ. खानोलकर यांच्याकडे आले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांच्या घरात होते.

त्या काळी अनेकांची अशी समजूत होती की कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्यांचा आणि सुखवस्तू जीवनाचा रोग असून भारतात तो विरळ आहे. परळच्या दारात रुग्णांची रीघ लागली आणि ही समजूत टिकणे अवघड झाले. आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली. युरोप-अमेरिकेच्या वैद्यकग्रंथांत ज्या अवयवांचे कर्करोग आघाडीवर होते, ते येथे आघाडीवर नव्हते. येथे तोंड आणि घसा यांचे कर्करोग फार मोठ्या प्रमाणात दिसत होते. गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ, टाळू, घसा अशा जागी झालेले व्रण घेऊन माणसे येत, आणि बहुतेकदा फार उशिरा येत.

खानोलकरांनी या रुग्णांच्या नोंदी काळजीपूर्वक एकत्र केल्या. रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ मध्ये, मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा शोधनिबंध अमेरिकेतील कर्करोग-संशोधनाच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यातील सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या मतास अनुकूल असे निवडक रुग्ण घेऊन लिहिणे सोपे असते. एकामागून एक आलेला प्रत्येक रुग्ण मोजणे, त्याच्या व्रणाची नेमकी जागा नोंदवणे, तो कोठला, कोणत्या समाजाचा, त्याची सवय कोणती हे विचारणे आणि मग निष्कर्षाकडे वळणे हे चिकाटीचे काम आहे. तंबाखू आणि पान-सुपारी यांच्याकडे संशयाचे बोट याआधीही दाखवले गेले होते. त्रावणकोर भागातील निरीक्षणांवरून आय. एम. ऑर यांनी १९३३ मध्येच या विषयावर लिहिले होते. खानोलकरांनी या संशयाला मोठ्या संख्येचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पक्क्या झालेल्या निदानाचा आधार दिला.

येथे काळाचे भान ठेवले तर या कामाचे मोल कळते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा सुप्रसिद्ध ब्रिटिश अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या सहा वर्षे आधी, महायुद्धाच्या धामधुमीत, परळमध्ये बसून एक मराठी संशोधक माणसाची सवय आणि त्याचा रोग एकाच कागदावर मांडून पाहत होता.

धोतराची गाठ आणि ओठामागची चिमूट

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहलेखिका बी. सूर्याबाई यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय होता, आणि भारतातील तीन नव्या प्रकारच्या कर्करोगांची माहिती त्यात दिली होती. त्यांतील दोन उदाहरणे आपल्या भागातील कोणाही माणसास सहज समजतील.

पहिले उदाहरण धोतराचे. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळून नेसल्याने तेथील कातडी सतत घासली जाते. घाम, मळ आणि दाब यांमुळे तिचा रंग बदलतो, ती जाड होते, भेगाळते आणि क्वचित प्रसंगी त्याच जागी त्वचेचा कर्करोग उद्भवतो. वैद्यकग्रंथांत त्याला धोतराचा कर्करोग असेच नाव पडले. काश्मीरमध्ये थंडीत अंगरख्याच्या आत शेगडी, म्हणजे कांगडी, धरण्याच्या प्रथेमुळे पोटावरच्या कातडीला होणारा कर्करोग आधीच ठाऊक होता. त्या मालिकेत ही आणखी एक भर पडली. कारण कळले की उपायही साधा असतो. कमरेची बांधणी सैल ठेवावी, तिची जागा अधूनमधून बदलावी आणि कातडी स्वच्छ व कोरडी राखावी.

दुसरे उदाहरण खैनीचे. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून त्याची चिमूट खालच्या ओठामागच्या खाचेत धरून ठेवण्याची सवय उत्तर भारतात, विशेषतः बिहारकडे, फार प्रचलित होती. ज्या जागी चिमूट, त्याच जागी व्रण, असे या रुग्णांत दिसत होते. आपल्याकडील तंबाखू खाणारा माणूस ती गालाच्या आत धरतो, म्हणून त्याचा व्रण बहुधा गालाच्या आत वा हिरडीच्या कडेला असतो. सवयीची जागा बदलली की रोगाची जागा बदलते, हे निरीक्षण ऐकायला साधे वाटते, पण त्याचा अर्थ फार खोल आहे. रोग जर केवळ दैवाने किंवा रक्ताने येत असता, तर त्याने माणसाच्या चिमटीचा माग असा तंतोतंत काढला नसता.

समाज, रक्त आणि आचार

मुंबई हे अठरापगड समाजांचे शहर. एकाच हवेत राहणाऱ्या, परंतु आहार, विवाहरीती, व्यसने आणि व्यवसाय यांत भिन्न असणाऱ्या लोकांचे रोगही भिन्न असतात काय, हा प्रश्न खानोलकरांना सतत खुणावत राहिला. भारतातील निरनिराळ्या समाजांमध्ये कर्करोग किती व कोणत्या अवयवांचा आढळतो, याविषयीही त्यांनी १९४५ मध्ये लिहिले. हा फरक आनुवंशिक असू शकतो काय हे तपासण्याची दुसरी बाजूही त्यांनी सोडली नाही. त्यांचे सहकारी एल. डी. सांघवी यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील आपसातच विवाह करणाऱ्या सहा समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. तो १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील आनुवंशिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय समाजगटांच्या रक्तगटविषयक आरंभीच्या काटेकोर अभ्यासांत त्याची गणना होते.

या दोन्ही कामांचा हेतू एका समाजाला दुसऱ्यापेक्षा निरोगी वा दूषित ठरवण्याचा नव्हता. रोगाच्या कारणात रक्ताचा वाटा किती आणि आचाराचा वाटा किती, हे निवडून वेगळे काढण्याचा तो प्रयत्न होता. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाबाबत पुरावा जसजसा साठत गेला, तसतसे आचाराचे पारडे जड होत गेले.

मुखापासून अन्ननलिकेपर्यंत

या सर्व कामाची एक महत्त्वाची पायरी म्हणजे १९५५ चा शोधनिबंध. एल. डी. सांघवी, के. सी. एम. राव आणि व्ही. आर. खानोलकर या तिघांच्या नावाने तो लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांचा परस्परसंबंध हा त्याचा विषय होता. अन्नमार्गाचा वरचा भाग म्हणजे ओठांपासून सुरू होऊन तोंडाची पोकळी, जीभ, घसा आणि तेथून जठराकडे जाणारी अन्ननलिका. घास ज्या वाटेने उतरतो, ती ही वाट.

या अभ्यासाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. केवळ रुग्णांना सवयी विचारून भागत नाही. समजा, शंभर रुग्णांपैकी ऐंशी तंबाखू खाणारे निघाले. पण त्या वस्तीतील निरोगी माणसांतही शंभरांत ऐंशी तंबाखू खाणारेच असतील, तर त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना हा कर्करोग नाही अशा माणसांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात आणि दोन्ही गटांची तुलना करावी लागते. हिशेबाच्या वहीत जमेची बाजू लिहून नावेची कोरी ठेवली तर ताळा जमत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. संशोधनातही तसेच आहे.

या तुलनेतून जे चित्र दिसले ते असे. चघळण्याच्या सवयीचा संबंध मुख्यत्वे तोंडाच्या पोकळीतील कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा संबंध जिभेचे मूळ आणि घसा या मागच्या भागाशी ठळकपणे दिसला. ज्यांना दोन्ही सवयी, त्यांची स्थिती अधिकच चिंताजनक होती, आणि या धोक्याची रेषा खाली अन्ननलिकेपर्यंत पोचत होती. तंबाखूचा दोष तोंडापुरताच, रस थुंकून टाकला की झाले, असे मानणाऱ्यांना या अभ्यासाने उत्तर दिले. लाळेबरोबर जे थोडे थोडे गिळले जाते, तेही आपले काम करीत असते.

पचनसंस्थेच्या विकारांकडे पाहताना हा मुद्दा आजही तितकाच मोलाचा आहे. अन्ननलिकेचा कर्करोग आरंभी दुखत नाही. प्रथम भाकरीचा कोरडा घास अडकल्यासारखा वाटतो, मग माणूस भाकरी आमटीत कुस्करून खाऊ लागतो, पुढे पातळ पदार्थही उतरेनासे होतात आणि वजन झपाट्याने घटते. पहिला घास अडकला त्याच वेळी तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने तपासणी करून घेतली, तर उपचाराला वाव राहतो.

कुष्ठरोगाचे संशोधन

डॉ. खानोलकरांचे संशोधन कर्करोगापुरते मर्यादित नव्हते. ज्या रोग्याला समाजाने गावाबाहेर काढले, त्या कुष्ठरोग्याच्या रोगाचाही त्यांनी तितक्याच आस्थेने अभ्यास केला. कुष्ठरोगाच्या अगदी आरंभीच्या डागांतील ऊती तपासून त्यांनी दाखवले की हे जंतू फार लवकर मज्जातंतूंमध्ये शिरतात. या आजारात आधी संवेदना का जाते, हाताला चटका बसला तरी रुग्णाला कळत का नाही, याचे उत्तर या अभ्यासाने स्पष्ट होत गेले. याविषयीचे त्यांचे लेखन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या ऊतींपासून एक जंतू वाढवण्यात यश आले. त्या केंद्राच्या नावावरूनच तो ओळखला जाऊ लागला, आणि नंतरच्या काळात कुष्ठरोगावरील लस विकसित करण्याच्या प्रयत्नांना त्याचा आधार मिळाला.

कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन विषयांवर मिळून त्यांचे शंभराहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. ग्रंथलेखनही त्यांनी केले.

संस्था आणि शिष्यपरंपरा

एकट्याच्या विद्वत्तेवर संशोधन टिकत नाही, त्यासाठी संस्था लागते, हे खानोलकरांनी ओळखले होते. भारतातील विकृतिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांची अखिल भारतीय संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली, तिचे ते संस्थापक-अध्यक्ष होते. १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले, त्याची धुराही त्यांच्याकडेच होती. हे केंद्र आणि टाटा रुग्णालय १९६६ मध्ये एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर ही संयुक्त संस्था झाली. त्याच संस्थेच्या नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन-संकुलात एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याला अभिमान वाटावा असा धागाही या परंपरेत आहे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. परत आल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, आणि १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या कार्यकारी संचालकही होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या काळात मुलींनी प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत काम करणे लोकांना रुचत नसे, त्या काळात खानोलकरांच्या प्रयोगशाळेत एका पुणेकर स्त्रीला तिच्या गुणवत्तेनुसार वाव मिळाला, हे त्यांच्या मोठेपणाचे द्योतक आहे.

डॉ. खानोलकरांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. ते पद्मभूषण होते, वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीतही ते होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी या कार्याचा अर्थ

त्यांच्या शोधनिबंधांनंतर ज्ञान पुढे गेले. मुंबईत १९६३ मध्ये लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त पान-विडा हा कर्ककारक असल्याचा निर्वाळा दिला, आणि २००४ मध्ये सुपारी ही तंबाखूवाचूनही, स्वतःच, माणसात कर्करोग निर्माण करते असे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

सुपारीविषयीचा हा निष्कर्ष आपण सर्वांनी थांबून वाचावा असा आहे. मद्य आणि तंबाखू यांपासून आपली अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिली, याचा आपल्याला यथोचित अभिमान आहे. परंतु जेवणानंतर सुपारीचे खांड तोंडात टाकणे, पाहुण्यापुढे सुपारीचे तबक ठेवणे, विवाहसमारंभात सुपारीच्या पुड्या वाटणे हे आपण व्यसनात मोजत नाही. लहान मुले ती गोड लागते म्हणून मागतात आणि आपण कौतुकाने देतो. पुढे गालाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड पूर्ण उघडेनासे होते, तिखट सोसत नाही, आणि ही स्थिती कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकते. आपल्या ग्रामीण भागातील माता-भगिनींची मशेरी हीही अशीच एक न मोजलेली सवय आहे. दात घासण्याच्या निमित्ताने भाजलेली तंबाखू दिवसातून चार-चार वेळा हिरड्यांना लागते, आणि घरातील कोणालाही ते व्यसन वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्यापैकी अनेकजण व्यापारी आहोत. शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत आणि आसपासच्या गावांत दुकानाच्या फळीवर साखर-चहाच्या शेजारी तंबाखूची पुडी, विडीचे बंडल आणि मशेरीचा डबा ठेवणे ही पिढ्यांची रीत आहे. जी वस्तू आपण आपल्या मुलाच्या तोंडाला लागू देणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलाच्या हाती देताना गल्ल्यात पडणारे पैसे कोणत्या खात्यावर लिहायचे, हा प्रश्न १९४४ च्या त्या शोधनिबंधाने उभा केला आहे आणि तो अद्याप सुटलेला नाही. येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. छोट्या दुकानदाराचा संसार अशाच मालाच्या खपावर चालतो, ग्राहक हीच वस्तू मागतो आणि ती नसली तर शेजारच्या दुकानात जातो, हे वास्तव आहे. तरीही काही दुकानांनी विचारपूर्वक ही फळी रिकामी करणे शक्य आहे. एकट्याने केले तर ते नुकसानीचे ठरते. बाजारपेठेने मिळून केले तर ग्राहकालाही दुसरे दुकान उरत नाही. असा निर्णय घडवून आणण्याचे बळ एकेका व्यक्तीपेक्षा समाजाच्या संस्थेत अधिक असते.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि ती सर्वांत सोपी आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसणे, दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा व्रण असणे, तोंड पूर्वीइतके न उघडणे, घास अडकणे, मानेत गाठ येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. आपण आरोग्य शिबिरे भरवतो, तेथे रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्याच रांगेत दंतवैद्याने प्रत्येकाचे तोंड उजेडात उघडून पाहिले, तर दोन मिनिटांत हे काम होते. परळला उशिरा पोचलेल्या ज्या रुग्णांच्या नोंदी खानोलकरांनी केल्या, त्यांच्या गावी अशी दोन मिनिटे त्यांना कोणी दिली नव्हती.

आजार आला की पूर्वसंचित म्हणून तो सोसावा, अशी आपल्याकडील पुष्कळांची वृत्ती असते. सोसण्याचे धैर्य मोलाचे आहे, यात शंका नाही. तथापि जो रोग हाताच्या चिमटीने तोंडात जातो, तो टाळणेही त्याच हाताच्या स्वाधीन आहे, हे खानोलकरांच्या सलग एक हजार नोंदींनी दाखवून दिले. त्या नोंदींतील माणसांची नावे कोठेही छापलेली नाहीत. त्यांत आपल्या भीमा-घोड खोऱ्यातील कोणी असेल, तर त्याच्याही दुःखाचा या ज्ञानात वाटा आहे. त्या अनाम रुग्णांना आणि त्यांच्या व्यथेतून पुढील पिढ्यांसाठी मार्ग शोधणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन.